याजकवस्त्रे, प्राचीन इझ्राएली

प्राचीन इझ्राएली लोकांच्या उपासनेत वेदीजवळ व पवित्रस्थानात सेवा करताना याजकांनी परिधान करावयाची विधिविहित वस्त्रे. त्यांचे सविस्तर वर्णन बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या ग्रंथाच्या २८ व्या व ३९ व्या अध्यायांत आले आहे. ती प्रथम धारण करण्याचा विधी लेवीय ग्रंथाच्या ८ व्या अध्यायात, तर प्रायश्चित्तदिनाचे स्वतंत्र वस्त्रविधान त्याच ग्रंथाच्या १६ व्या अध्यायात आढळते. पुरोहिताचा विशिष्ट वेश बहुतेक प्राचीन धर्मांत होता व सामान्यतः तो पदाचे चिन्ह म्हणून वापरला जाई. इझ्राएली परंपरेत वस्त्राला याहून अधिक मूलगामी स्थान मिळाले. याजककुळात जन्मलेल्या पुरुषाच्या ठिकाणी याजकपण प्रत्यक्षात येते ते वस्त्र अंगावर चढल्यावर, अशी ती धारणा होय. वस्त्रावाचून केलेली सेवा व्यर्थ ठरे आणि ती करणाऱ्याच्या प्राणावर बेतते, असे मानले जाई.

निर्गम ग्रंथातील वर्णन मोशे व अहरोन यांच्या काळातील म्हणून दिलेले असले, तरी ज्या याजकीय परंपरेने ते लिहून ठेवले ती आजच्या स्वरूपात बॅबिलनमधील निर्वासाच्या आगेमागे (इ. स. पू. सहावे–पाचवे शतक) सिद्ध झाली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात, काही विद्वान तिचा काळ याच्याही मागे नेतात. वस्त्रांची प्रथा मात्र निश्चितपणे जुनी आहे. शमुवेलाच्या ग्रंथांतील जुन्या कथांत बालक शमुवेल तागाचा एफोद घालून शिलो येथे सेवा करतो. शौल राजाच्या आज्ञेने मारले गेलेले नोब येथील ८५ याजक तागाचा एफोद धारण करणारे म्हणूनच ओळखले जातात. दावीद राजा कराराच्या कोशापुढे नाचतो तोही असाच एफोद बांधून. शास्ते या ग्रंथात गिदोनाने १,७०० शेकेल सोने वापरून केलेला एफोद ही मात्र पूजेची वस्तू दिसते, अंगावरचे वस्त्र नव्हे. एकाच शब्दाने साधे कटिवस्त्र, दैवी कौल घेण्याचे साधन आणि मुख्य याजकाचा सुवर्णजडित पोशाख या तिन्हींचा बोध व्हावा, यावरून या वस्त्राचा इतिहास दीर्घ व गुंतागुंतीचा असल्याचे स्पष्ट होते.

सामान्य याजकाची वस्त्रे चार होती : चोळणा, अंगरखा, कमरबंद व फेटा. ती सर्व तलम तागाची असत. (मराठी भाषांतरांतून ‘ताग’ किंवा ‘सण’ असे शब्द येत असले, तरी हे कापड जवसाच्या म्हणजे अळशीच्या देठापासून निघणाऱ्या धाग्याचे असे.) चोळण्याचा उद्देश लज्जारक्षण हा होता. वेदीला पायऱ्या नसाव्यात या जुन्या नियमामागेही हाच विचार दिसतो. उरुक येथील सुप्रसिद्ध सुमेरी पात्रावर देवतेकडे नैवेद्य घेऊन जाणारे पुरुष विवस्त्र कोरलेले आहेत. त्या शेजाराच्या पार्श्वभूमीवर इझ्राएली नियमाचा कटाक्ष ध्यानात येतो. कमरबंद अतिशय लांब असे. स्वतः याजककुळातील असलेला इतिहासकार फ्लेव्हिअस जोसीफस (३७–सु. १००) सांगतो, की त्याची टोके घोट्यापर्यंत लोंबत आणि यज्ञकर्म करताना ती अडचण करू नयेत म्हणून डाव्या खांद्यावर टाकली जात. पादत्राणांचा कोठेही उल्लेख नाही. पवित्र भूमीवर याजक अनवाणी वावरत.

मुख्य याजकाच्या वस्त्रांची संख्या आठ. चोळणा, चौकडीच्या विणीचा अंगरखा, कमरबंद व मंदील यांवर तो निळा झगा, एफोद, ऊरपट व कपाळावरील सुवर्णपट्ट अशी चार सुवर्णवस्त्रे घाली. यांपैकी एफोद हे खांदपट्ट्यांनी पेललेले व कमरपट्ट्याने आवळलेले, पुढच्या आवरणासारखे वस्त्र असावे. त्याच्या नेमक्या आकाराविषयी एकमत नाही. सोन्याचे पत्रे ठोकून व कातरून त्यांची तार काढीत आणि ती निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुतात आणि तागाच्या धाग्यात विणीत. खांद्यांवर दोन गोमेद रत्ने सोन्याच्या कोंदणात बसविलेली असत व त्या प्रत्येकावर इझ्राएलाच्या सहा सहा पुत्रांची नावे जन्मक्रमाने कोरलेली असत. ऊरपट हा दुहेरी घडीचा, वीतभर लांबीरुंदीचा चौरस असून त्यावर चार ओळींत बारा रत्ने जडविलेली असत आणि प्रत्येक रत्नावर एका वंशाचे नाव असे. ही रत्ने कोणती, हा प्रश्न आजही अनिर्णित आहे. खुद्द जोसीफसच्या दोन ग्रंथांतील याद्याही परस्परांशी जुळत नाहीत. हिब्रूतील ‘सप्पीर’ म्हणजे आजचा नीलमणी नसून राजावर्त असावा, हे त्यातल्या त्यात खात्रीने सांगता येते. रत्ने ओळखण्याच्या या उद्योगात पुष्कळ शाई खर्ची पडली असली, तरी वस्त्राचा अर्थ रत्नांच्या जातीत नसून त्यांवरील अक्षरांत आहे. मुख्य याजक आत जाई तेव्हा बारा वंश त्याच्या खांद्यांवर भार म्हणून आणि हृदयावर स्मरण म्हणून त्याच्यासह आत जात. ज्या स्थानी सामान्य इझ्राएली माणसाला पाऊलही टाकता येत नसे, तेथे त्याचे नाव मात्र पोहोचत असे.

ऊरपटाच्या घडीत उरीम व थुम्मीम ठेवलेले असत. या दैवी निर्णय जाणण्याच्या वस्तू असून त्या चिठ्ठ्यांप्रमाणे टाकण्यात येत असाव्यात. ‘न्यायाचा ऊरपट’ हे नाव त्यावरूनच पडले. शौलाच्या कथेत त्यांचा उपयोग दिसतो. पुढे संदेष्ट्यांचे महत्त्व वाढल्यावर त्यांचे उल्लेख विरळ होतात आणि निर्वासानंतरच्या एज्रा ग्रंथात तर उरीम व थुम्मीम धारण करणारा याजक उभा राहीपर्यंत एक निर्णय लांबणीवर टाकल्याचे वाचावयास मिळते. दुसऱ्या मंदिराच्या काळात त्या नव्हत्या, असे ज्यू परंपराही सांगते. वस्त्र राहिले, पण त्यातील वाचा गेली.

एफोदाखालचा झगा संपूर्ण निळा असून त्याच्या घेराला सुताची डाळिंबे व सोन्याच्या घंटा एकाआड एक लावलेल्या असत. त्यांची संख्या मूळ ग्रंथात नाही. तालमुदमध्ये ७२ व ३६ अशा दोन संख्या मिळतात. याजक आत जाताना व बाहेर येताना घंटांचा नाद ऐकू यावा, म्हणजे तो मरणार नाही, असे मूळ विधान आहे. सार्वभौम राजाच्या दालनात सूचना न देता शिरणे अपराध मानला जाई, त्याच कल्पनेचे हे धार्मिक रूप असावे. दुष्ट शक्तींना दूर ठेवण्याची अधिक जुनी समजूतही त्यामागे असणे शक्य आहे. २०११ मध्ये जेरूसलेम येथे मंदिराच्या टेकडीजवळील एका प्राचीन गटारात सोन्याची एक लहानशी घंटा सापडली, तेव्हा ती मुख्य याजकाच्या झग्याचीच असल्याची चर्चा झाली. तथापि त्या काळातील धनिकही अशा घंटा कपड्यांना लावीत असल्याने या चर्चेला पुराव्याचा आधार नाही. मंदिलावर निळ्या फितीने बांधलेल्या सुवर्णपट्टावर तो परमेश्वराला वाहिलेला असल्याचे सांगणारी हिब्रू अक्षरे कोरलेली असत. त्याला हिब्रूत ‘त्सीत्स’ म्हणजे फूल असे नाव आहे. लोकांनी आणलेल्या अर्पणात काही उणीव राहिली असल्यास तिचा दोष हा पट्ट आपल्यावर घेतो, अशी श्रद्धा होती.

या वस्त्रांचा अर्थ समजण्यास त्यांचे द्रव्य व विणकाम पाहणे आवश्यक ठरते. हिब्रू ग्रंथकार विणकामाचे तीन दर्जे वेगळ्या शब्दांनी दाखवितो : चतुर कारागिराचे चित्रमय काम, रंगीत सुताचे भरतकामासारखे काम आणि साधे विणकऱ्याचे काम. परमपवित्रस्थानापुढील अंतरपट पहिल्या प्रकारचा आहे आणि एफोद व ऊरपटही त्याच प्रकारचे आहेत; मंडपाच्या दारावरील पडदा दुसऱ्या प्रकारचा व याजकाचा कमरबंदही दुसऱ्या प्रकारचा. रंगही तेच चार. म्हणजे मंडपाच्या भिंती ज्या कापडाच्या, त्याच कापडाचा याजकाचा वेश. त्यामुळे तो वेश घातलेला मनुष्य पवित्रस्थानाचाच एक चालताबोलता भाग बनतो. लोकर व ताग यांचे मिश्र कापड वापरण्यास सामान्य इझ्राएली माणसाला धर्मशास्त्राने मनाई केली आहे. एफोद मात्र, रंगीत सूत लोकरीचे असल्याने, नेमका अशा मिश्र कापडाचा आहे. निषेध येथे अपवित्रतेमुळे नसून ते कापड पवित्रस्थानासाठी राखीव असल्यामुळे होता, हे मेनाहेम हारान आदी अभ्यासकांचे स्पष्टीकरण पटण्यासारखे आहे. गणना ग्रंथाने प्रत्येक इझ्राएली माणसाच्या वस्त्राच्या गोंड्यात एक निळा धागा घालावयास सांगितले. याजकाच्या झग्याचा तो एक धागा जणू सर्व लोकांत वाटला गेला.

हे रंग अतिशय महाग होते. निळा व जांभळा हे दोन्ही भूमध्य समुद्रातील म्यूरेक्स कुळातील गोगलगायींपासून मिळत. रंगाच्या द्रावणावर सूर्यप्रकाश पडू दिल्यास जांभळ्याऐवजी निळी छटा येते. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १२,००० गोगलगायींपासून अवघा १·४ ग्रॅम रंग मिळाला, यावरून त्याच्या मोलाची कल्पना येते. किरमिजी रंग ओक वृक्षांवरील एका कीटकापासून काढीत. इझ्राएलच्या दक्षिणेस तिम्ना येथील तांब्याच्या खाणींच्या परिसरात सापडलेले, सु. इ. स. पू. १००० मधील कापडाचे काही तुकडे खऱ्या म्यूरेक्स रंगाने रंगविलेले असल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे दाविदाच्या परंपरागत काळात या प्रदेशात असे कापड होते, याला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

ईजिप्तमधील पुरोहित केवळ तागाची वस्त्रे नेसत, असे हीरॉडोटसने लिहिले आहे आणि इझ्राएली प्रथेवर ईजिप्तची छाया असणे स्वाभाविक आहे. याहून बोधप्रद तुलना बॅबिलोनियाशी होते. तेथे सोन्याची फुले व चकत्या लावलेली बहुमूल्य वस्त्रे देवांच्या मूर्तींना घालीत. इझ्राएलच्या पवित्रस्थानात मूर्ती नव्हती; ज्याला सोने चढवावे असे तेथे काही दृश्य नव्हते. सुवर्णवस्त्र तेथे उपास्याच्या अंगावरून उपासकाच्या अंगावर आले. मात्र त्यामुळे याजकाला देवत्व येऊ नये, याची दक्षताही घेतलेली दिसते : वस्त्रावर कोरलेली नावे त्याची स्वतःची नाहीत, आणि कपाळावरची अक्षरे मालकी दुसऱ्याची असल्याचे सांगतात.

वस्त्रे व्यक्तीची नसून पदाची होती, हे पदग्रहणविधीवरून स्पष्ट होते. याजकाला प्रथम स्नान घालीत, मग वस्त्रे चढवीत, तेलाचा अभिषेक करीत आणि तेल व यज्ञपशूचे रक्त त्याच्यावर व त्याच्या वस्त्रांवरही शिंपडीत. अहरोनाच्या वंशजाने पदावर येताना तीच वस्त्रे सात दिवस घालावीत, असा नियम होता. गणना ग्रंथात होर पर्वतावर मोशे अहरोनाची वस्त्रे उतरवून त्याचा पुत्र एलाजार याला घालतो आणि वस्त्रे उतरल्यावरच अहरोन मरण पावतो. जखऱ्याच्या ग्रंथात मुख्य याजक यहोशवा याची मलिन वस्त्रे काढून त्याला शुद्ध वस्त्रे दिल्याचा दृष्टान्त आहे. निर्वासातून परतलेल्या समाजाच्या पापमुक्तीचे ते चित्र होय. पुढे दुसऱ्या मंदिराच्या काळात अभिषेकाचे पवित्र तेलच उरले नाही, तेव्हा केवळ आठ वस्त्रे धारण केल्याने मुख्य याजक सिद्ध होऊ लागला. मिश्नामध्ये ‘अभिषिक्त’ आणि ‘बहुवस्त्र’ असे मुख्य याजकांचे दोन प्रकारच सांगितलेले आहेत.

पावित्र्य संसर्गजन्य असल्याची कल्पनाही येथे दिसते. यहेज्केल संदेष्ट्याच्या मते याजकांनी बाहेरच्या अंगणात लोकांत जाण्यापूर्वी सेवेची वस्त्रे उतरवून ठेवावीत, म्हणजे वस्त्रांचे पावित्र्य लोकांना लागणार नाही. त्यांनी लोकर वापरू नये व घाम येईल असे काही नेसू नये, असेही तो सांगतो. वेदीवरील राख उचलताना एक वेश व ती छावणीबाहेर नेताना दुसरा, असा भेद लेवीय ग्रंथातही आहे. जीर्ण झालेले चोळणे व कमरबंद टाकून न देता त्यांच्या वाती करून मंडपांच्या सणात मंदिराच्या अंगणातील मोठे दिवे पेटवीत.

सर्व वैभवाच्या विरुद्ध टोकाला प्रायश्चित्तदिन (योम किप्पूर) येतो. वर्षातून याच एका दिवशी मुख्य याजक परमपवित्रस्थानात प्रवेश करी आणि त्या वेळी सोन्याची चारही वस्त्रे उतरवून साध्या पांढऱ्या तागाच्या चार वस्त्रांत जाई. रत्नांवरची नावे, घंटा, सुवर्णपट्ट हे सर्व बाहेर राही. सोने हे सुवर्णवत्साच्या पापाची आठवण करून देते, म्हणून ते आत चालत नाही, असे तालमुदकार म्हणतात. दिवसभरात त्याला पाच वेळा स्नान करून वस्त्रे बदलावी लागत. ती पांढरी वस्त्रे पुन्हा वापरीत नसत. मिश्नाच्या योमा या प्रकरणात या वस्त्रांच्या किंमतीविषयी एक मतभेद नोंदविलेला आहे. रब्बी मेइर यांच्या मते सकाळचे वस्त्र ईजिप्तमधील पेलूसिअमचे व १२ माने किंमतीचे, तर दुपारचे वस्त्र ‘हिंदवी’ असून ८०० झूझ किंमतीचे असे (१ माने = १०० झूझ). इंडियाच्या नावाने ओळखले जाणारे तलम कापड जेरूसलेमच्या परमपवित्रस्थानापर्यंत पोहोचल्याची ही आठवण भारतीय वाचकास कुतूहलजनक वाटेल.

वस्त्रांवाचून मुख्य याजक नाही, या धारणेला राजकीय परिणाम होतेच. इ. स. पू. १५२ मध्ये जोनाथन मक्कबी याने सिल्यूसिड सिंहासनाचा दावेदार अलेक्झांडर बालास याच्या नेमणुकीने पवित्र वस्त्र धारण केले आणि त्यासरशी हॅस्मोनियन घराण्याकडे राजसत्ता व याजकसत्ता एकवटण्यास आरंभ झाला. जोसीफसच्या वृत्तांतानुसार पहिल्या हिर्केनसने ही वस्त्रे मंदिरालगतच्या बुरुजात ठेवली. हेरॉड राजाने त्या बुरुजाचा किल्ला करून त्याला अँटोनिया असे नाव दिले आणि वस्त्रे तेथेच आपल्या ताब्यात राखली. ती आपल्या हाती आहेत तोवर लोक बंड करणार नाहीत, असा त्याचा हिशेब होता. इ. स. ६ मध्ये जूडीआ प्रांत रोमच्या थेट अमलाखाली गेल्यावर ती रोमन शिबंदीच्या हाती पडली. एका दगडी खोलीत याजकांच्या व कोषपालांच्या मोहरेखाली ती ठेवलेली असत. किल्लेदार तेथे रोज दिवा लावी. सणापूर्वी सात दिवस ती बाहेर काढून शुद्ध करीत आणि सणाच्या पहिल्या दिवसानंतर परत जमा करीत. एका परकीय अधिकाऱ्याने पेटी उघडल्यावाचून इझ्राएलची प्रायश्चित्ते होऊ शकत नव्हती, असा याचा अर्थ.

सिरियाचा राज्यपाल व्हिटेलिअस याने इ. स. ३६–३७ च्या सुमारास जेरूसलेमला भेट दिली, तेव्हा टायबीरिअस बादशहाच्या संमतीने वस्त्रे याजकांच्या स्वाधीन करण्यात आली. परंतु ४४ मध्ये पहिला अग्रिपा मरण पावताच नवा रोमन प्रशासक फेडस याने ती पुन्हा अँटोनियात आणण्याचा हुकूम काढला. ज्यू पुढाऱ्यांनी आपले पुत्र ओलीस ठेवून रोमला शिष्टमंडळ नेण्याची परवानगी मिळविली. तरुण अग्रिपाने रदबदली केली आणि क्लॉडिअसने ४५ मध्ये पत्र पाठवून वस्त्रांचा ताबा ज्यूंकडेच राहील, असा निर्णय दिला. कर अथवा प्रदेश यांसाठी नव्हे, तर आठ कपड्यांच्या ताब्यासाठी एका समाजाने आपली मुले ओलीस ठेवली, या घटनेतून या वस्त्रांचे मोल कोणत्याही भाष्यापेक्षा अधिक कळते.

भाष्यांची मात्र वाण नव्हती. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फायलो व जोसीफस या दोघांनीही या वस्त्रांत विश्वाची प्रतिमा पाहिली : ताग ही पृथ्वी, जांभळा रंग समुद्र, निळा आकाश व किरमिजी अग्नी, बारा रत्ने म्हणजे राशी किंवा महिने, जोसीफसच्या मते घंटा म्हणजे मेघगर्जना व डाळिंबे म्हणजे वीज. ग्रीक विचारांत वाढलेल्या वाचकांना आपला धर्म साऱ्या जगाचा आहे, हे पटविण्याचा हा प्रयत्न होता. मूळ ग्रंथात मात्र त्याला आधार मिळत नाही. तालमुदचे स्पष्टीकरण अधिक घरगुती व नैतिक आहे. तदनुसार प्रत्येक वस्त्र एकेका पापाचे प्रायश्चित्त करते : अंगरखा रक्तपाताचे, चोळणा व्यभिचाराचे, मंदील गर्वाचे, कमरबंद मनातील दुष्ट विचारांचे, ऊरपट न्यायातील विपर्यासाचे, एफोद मूर्तिपूजेचे, सुवर्णपट्ट निर्लज्जपणाचे आणि घंटांचा झगा चहाडीचे, आवाजाच्या पापाला आवाजाचेच वस्त्र, असा त्यामागील तर्क.

इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर जाळले, तेव्हा जीव वाचविण्यासाठी एका याजकाने मुख्य याजकाची वस्त्रे व एका कोषपालाने याजकांचे अंगरखे व कमरबंद टायटसच्या स्वाधीन केले, असे जोसीफस लिहितो. सुवर्णपट्ट आपण रोममध्ये पाहिल्याचे एका रब्बीचे विधान तालमुदमध्ये आहे. त्यानंतर त्याचा माग लागत नाही. ख्रिस्ती परंपरेने ख्रिस्ताला शाश्वत मुख्य याजक मानून या वस्त्रांचा रूपकात्मक अर्थ लावला, परंतु ख्रिस्ती धर्मगुरूंचा प्रत्यक्ष पोशाख मुख्यतः उत्तरकालीन रोमन नागरी वेशातून आला आहे. जेरूसलेम येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या टेंपल इन्स्टिट्यूटने पुनर्स्थापनेच्या आकांक्षेने या वस्त्रांच्या प्रतिकृती तयार केल्या आहेत.

ज्यू धर्मात यज्ञ थांबले, तरी काही प्रथा टिकून राहिल्या. प्रायश्चित्तदिनी पांढरी वस्त्रे नेसण्याची चाल अनेक ज्यू समाजांत आहे. कोकणातील बेने इझ्राएल समाजही हा दिवस पांढरी वस्त्रे नेसून, कडक उपासाने पाळत आला असून, त्यांच्या जुन्या मराठी बोलीत त्याला दारे बंद करण्याचा सण अशा अर्थाचे नाव होते. सिनॅगॉगमध्ये तोराच्या गुंडाळीला अनेक ठिकाणी झगा व पट्टा चढवितात, तिच्यापुढे चांदीचा ऊरपट लटकवितात आणि दांड्यांच्या टोकांना घंटा लावलेली चांदीची शिखरे बसवितात. या शिखरांना हिब्रूत आजही ‘रिम्मोनीम’ म्हणजे डाळिंबे असेच म्हणतात.